पोर्टफोलिओत एआय कुठे वापरावं आणि कुठे हात आखडता घ्यावा

पोर्टफोलिओ उघडणारा माणूस चित्रं बघायला आलाय असं आपण धरून चालतो. तो शोधत असतो निर्णय. हाच टाइपफेस का, एवढी मोकळी जागा का सोडली, तीन पर्यायांतला दुसराच का उचलला. जनरेटिव्ह एआयमुळे चित्र मिळणं सोपं झालं आणि निवडीचं काम मात्र वाढलं, कारण आता पाच मिनिटांत चाळीस पर्याय समोर येऊन पडतात आणि त्यातले एकोणचाळीस टाकून द्यायची जबाबदारी डिझायनरवरच येते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ज्या कौशल्यासाठी तुम्हाला कुणी काम देणार आहे, ते कौशल्य एआयकडून करून घेऊ नका. त्या कामाच्या आजूबाजूचं बाकी सगळं खुशाल करून घ्या.

पॅकेजिंग करणाऱ्याने लेबल, खोक्याची घडी आणि माहितीची मांडणी स्वतः करावी. बाटली ज्या दगडी कट्ट्यावर ठेवली तो कट्टा, मागची भिंत आणि खिडकीतून येणारा उजेड एआयचा असला तरी काही बिघडत नाही. ॲपचे स्क्रीन करणाऱ्याने स्क्रीन आपले ठेवावेत, फोन धरणारा हात हवा तर तयार करून घ्यावा. इलस्ट्रेटरची, म्हणजे चित्रं काढणाऱ्याची, गोष्ट वेगळी. तिथे चित्र हेच काम आहे, त्यामुळे एआयची जागा फार तर कच्च्या थंबनेलपर्यंत. अंतिम गॅलरीत एआयचं एक जरी चित्र शिरलं तरी बघणारा बाकीच्या चित्रांकडे संशयाने बघायला लागतो, आणि त्या संशयातून हाताने काढलेली चित्रंही सुटत नाहीत.

साधनं किती घ्यायची? दोन पुरतात. एक मूड आणि दिशा शोधायला, दुसरं नेमकं काम करायला. शब्दांवरून चित्र काढणारं मिडजर्नी पहिल्या कामात सरस आहे, कारण त्यातला स्टाइल रेफरन्स (नमुन्याचं चित्र देण्याची सोय) एखाद्या चित्राचा पोत आणि रंग पटकन उचलतो. फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल अडोबीच्या फायरफ्लाय या मॉडेलवर सुरू झालं. ते पार्श्वभूमी वाढवायला, नको ती वस्तू काढायला सोयीचं आहे. फायरफ्लायचं प्रशिक्षण अडोबी स्टॉकमधल्या परवानाप्राप्त आणि स्वामित्वहक्क संपलेल्या साहित्यावर झाल्याचं कंपनी सांगते, म्हणून क्लायंटच्या कामात तिथे धाकधूक कमी असते. स्टेबल डिफ्यूजन किंवा फ्लक्स ही चित्रं काढणारी मॉडेल स्वतःच्या संगणकावर कम्फीयूआय या प्रोग्राममधून चालवता येतात. शिकायला वेळ लागतो, पण नियंत्रण सगळ्यात जास्त तिथेच मिळतं आणि फाइल बाहेर जात नाही. फ्लक्स घेताना परवाना वाचा: श्नेल हे मॉडेल अपाची २.० खाली खुलं आहे, डेव्ह या दुसऱ्या मॉडेलचा परवाना अव्यावसायिक आहे. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला बोलून चित्रात फेरफार करून घेता येतात. त्यात एक खोच आहे, ती पुढे येईल.

अक्षरं का बिघडतात

हे एकदा समजलं की निम्मी डोकेदुखी जाते. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. चित्र आधी आठपट लहान केलेल्या एका सांकेतिक रूपात जातं. १०२४ × १०२४ चं चित्र आत १२८ × १२८ चौकटींचं असतं आणि सगळी घडण तिथेच होते. म्हणजे आतली एक चौकट बाहेरच्या ८ × ८ पिक्सेलना जबाबदार. आता १४ पिक्सेल उंचीचं अक्षर घ्या. त्याच्या वाट्याला उभ्यात जेमतेम दोन चौकटी येतात. त्यात वेलांटीचं वळण किंवा रफार कुठून बसणार? दूरचे चेहरे, घड्याळाचे काटे, कीबोर्डवरची बटणं, शिलाईचे टाके, झिपचे दात हे सगळं याच कारणाने विरघळल्यासारखं दिसतं.

नवी मॉडेल मोठी रोमन अक्षरं बरी काढतात. देवनागरीत अजूनही अनेकदा जोडाक्षरं फुटतात, मात्रा सरकतात, शिरोरेखा मध्येच तुटते. आणि समजा अक्षर अचूक आलं, तरी तो टाइपफेस कुठलाच नसतो. त्याचं वजन बदलता येत नाही, दोन अक्षरांतलं अंतर सुधारता येत नाही. त्यामुळे नियम पक्का करून टाका: चित्रातलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक लोगो आणि प्रत्येक स्क्रीन नंतर वरून बसवायचा. मॉडेलकडून घ्यायचा तो फक्त कोरा पृष्ठभाग.

लोगोबद्दल एवढंच सांगतो. एआयने दिलेलं चित्र ऑटोट्रेस करून व्हेक्टर केलं, म्हणजे सॉफ्टवेअरकडून रेषांत बदलून घेतलं, की साध्या वर्तुळालाही चारऐवजी पन्नास अँकर पॉइंट (रेषेचा आकार धरणारे बिंदू) येतात. आउटलाइन मोडमध्ये उघडून बघणाऱ्याला ते क्षणात कळतं.

एक बाटली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, हातसाबणाच्या पंपवाल्या बाटलीचं लेबल तुम्ही केलंय. बाटली गोल, व्यास ६५ मिमी, धड १०५ मिमी उंच. लेबल ९० मिमी रुंद आणि ७० मिमी उंच. ते अडोबी इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करून ६०० पीपीआयवर (इंचाला ६०० पिक्सेल) काढा, म्हणजे साधारण २१२६ × १६५४ पिक्सेलची फाइल मिळेल. पुढे लेबल वाकवताना कडेचे पिक्सेल दाबले जातात, म्हणून सुरुवातीलाच जादा रिझोल्यूशन हाताशी असलेलं बरं.

आता ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडा. त्याच मापाचा एक सिलिंडर, वर मानेसाठी लहान सिलिंडर, बस. कॅमेरा ८५ मिमी, उंची लेबलच्या मध्यावर किंवा किंचित वर. इथून दोन गोष्टी काढायच्या: एक डेप्थ मॅप (कुठला भाग किती जवळ किंवा दूर ते दाखवणारं करड्या छटांचं चित्र) आणि दुसरी, त्याच सिलिंडरवर गुंडाळलेल्या लेबलची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. कॅमेरा हलवू नका. दोन्ही एकाच जागेवरून निघाल्या तरच पुढे त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात.

डेप्थ मॅप कंट्रोलनेटला द्यायचा. कंट्रोलनेट ही पद्धत ल्व्हमिन झांग, आन्यी राव आणि मनीष अगरवाला यांनी २०२३ मध्ये मांडली. प्रॉम्प्ट (मॉडेलला लिहून दिलेली सूचना) काय दिसावं ते सांगतो आणि कंट्रोलनेट कुठे दिसावं ते धरून ठेवतो. ताकद ०.६ ते ०.८ मध्ये ठेवा. १ ठेवली की तुमच्या कच्च्या सिलिंडरचा ताठपणा जसाच्या तसा उतरतो, बाटलीचा खांदा गोलसर होत नाही. ०.४ च्या खाली गेलात की बाटली हळूच जाड होते किंवा मान लांबते, आणि मग लेबल बसत नाही. चित्र घडण्याच्या शेवटच्या पाव भागात कंट्रोलनेट बंद केलं, म्हणजे त्याचा अंत ०.७५ वर ठेवला, तर काचेचे बारकावे मोकळेपणाने येतात.

प्रॉम्प्टमध्ये विशेषणांची माळ नको. वस्तू, साहित्य, जागा, उजेडाची दिशा, लेन्स, या क्रमाने लिहा: तपकिरी मॅट काचेची पंपवाली बाटली, कोरा गुळगुळीत पृष्ठभाग, फिकट करड्या दगडी कट्ट्यावर, मागे साधी चुन्याची भिंत, डावीकडच्या खिडकीतून येणारा मऊ उजेड, डोळ्यांच्या पातळीवरून, ८५ मिमी लेन्स. टाइप करताना इंग्रजीत केलेलं बरं, कारण खुल्या मॉडेलांच्या शिकवणीतली चित्रवर्णनं मुख्यतः इंग्रजीत आहेत. आणि आटोपशीर ठेवा. स्टेबल डिफ्यूजनमधला प्रॉम्प्ट वाचणारा क्लिप एन्कोडर एका वेळी ७७ टोकनच (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) वाचतो. काही प्रोग्राम लांब प्रॉम्प्टचे तुकडे करून भागवतात, पण मागच्या शब्दांचा जोर तरीही कमी पडतो.

‘लेबल नको’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. नकार या मॉडेलांना नीट कळत नाही, ‘लेबल’ हा शब्द वाचून ती लेबल काढूनच देतात. निगेटिव्ह प्रॉम्प्टची, म्हणजे नको त्या गोष्टींची, वेगळी चौकट असेल तर लेबल, अक्षरं, लोगो हे शब्द तिथे टाका. नसेल तर ‘कोरा पृष्ठभाग’ असं होकारार्थी सांगा.

एसडीएक्सएल ही स्टेबल डिफ्यूजनची आवृत्ती वापरत असाल तर २५ ते ३० स्टेप (चित्र घडवण्याच्या पायऱ्या) आणि सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा तो आकडा) ५ ते ७ पुरे. सीएफजी १२ च्या पुढे नेलं की रंग भाजल्यासारखे होतात, काळ्या भागातला तपशील जातो. आठ वेगवेगळ्या सीडवर (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) आठ चित्रं काढा आणि निवडताना आधी सावल्या बघा. बाटलीवरची चमक डावीकडे आणि कट्ट्यावरची सावलीही डावीकडेच पडलेली, असं चित्र कितीही देखणं असो, बाद. उजेडाची ही चूक नंतर हाताने दुरुस्त करायला नवं चित्र काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

निवडलेलं चित्र आधी मोठं करून घ्या, मग त्यावर लेबल ठेवा. क्रम उलटा केला तर अपस्केलर, म्हणजे चित्र मोठं करणारा प्रोग्राम, तुमची अक्षरं स्वतःच्या समजुतीने पुन्हा काढतो. लेबलवर उजेड आणण्यासाठी खालच्या बाटलीच्या लेयरची प्रत काढा, तिचे रंग उडवा आणि लेबलच्या वर मल्टिप्लाय या गडद करणाऱ्या मोडमध्ये ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. चमकेसाठी तीच प्रत स्क्रीन या उजळ करणाऱ्या मोडमध्ये, २० ते ३० टक्के. मग लेबलचा काळा रंग तपासा. खऱ्या खोलीत छापील काळं कधीच आरजीबी ०, ०, ० (पूर्ण काळं) दिसत नाही. कर्व्ह्जमध्ये तळ २० ते ३० पर्यंत उचला. शेवटी लेबलवर अर्ध्या पिक्सेलचा गॉसियन ब्लर आणि एक-दोन टक्के नॉइज द्या, कारण मागच्या चित्राला स्वतःचा दाणा असतो आणि व्हेक्टरमधून आलेलं लेबल त्यावर चिकटवल्यासारखं धारदार दिसतं.

आता या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट, जी लेबल सपाट चिकटवणाऱ्यांच्या हातून सुटते. गोल बाटलीवर लेबलच्या कडा आकसतात. मध्यापासून ४५ अंशांवर अक्षराची रुंदी सुमारे ७० टक्के उरते, ६० अंशांवर निम्मी. आपलं ९० मिमीचं लेबल ६५ मिमी व्यासावर दोन्ही बाजूंना जवळपास ७९ अंशांपर्यंत वळतं, तिथे अक्षर पाचव्या हिश्शाएवढं दिसतं. याचा अर्थ समोरून नीट वाचता येणारा पट्टा फक्त मधला ५१ मिमीचा, म्हणजे दोन्हीकडे ४५-४५ अंशांचा. नाव आणि मुख्य माहिती त्या पट्ट्यात नसेल तर चूक मॉकअपची (उत्पादनाच्या नमुना चित्राची) नाही, लेबलचीच आहे, आणि ती छापायच्या आधी इथे उघडी पडली हा मोठाच फायदा. वरच्या-खालच्या कडांचंही तसंच. कॅमेरा लेबलच्या मध्यावर असेल तर वरची कड मधोमध वर फुगते आणि खालची खाली. कॅमेरा बाटलीच्या वर असेल तर दोन्ही कडा मधोमध खाली झुकतात. एआयला लेबलसकट बाटली मागितली तर या दोन गोष्टींत ते हमखास गोंधळतं: अक्षरं कडेपर्यंत सारख्याच रुंदीची राहतात. पॅकेजिंगमधला जाणकार नेमकं तिथेच बोट ठेवतो.

दिशा शोधताना

स्वतःच्या रेखाटनावरून पर्याय काढायचे असतील तर इमेज-टू-इमेजमधली (चित्रावरून चित्र काढण्याच्या सोयीतली) डिनॉइझिंगची पट्टी, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं तो आकडा, हीच मुख्य कळ. ०.२ ते ०.३५ मध्ये पोत आणि उजेड बदलतो, मांडणी तशीच राहते. ०.४ ते ०.६ मध्ये मांडणी टिकते पण वस्तू बदलायला लागतात. ०.७ च्या पुढे तुमचं रेखाटन नावापुरतं उरतं. पोर्टफोलिओत दाखवायचं असेल तर मधल्या टप्प्यातली दोन-तीन चित्रं घ्या आणि शेजारी मूळ रेखाटन ठेवा. ‘या वाटेने गेलो नाही, कारण...’ अशी एक ओळ त्याखाली लिहा. टाकून दिलेल्या पर्यायाचं कारण सांगणारी ती ओळ सुंदर चित्रापेक्षा जास्त बोलते.

जिवंत कलाकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. साहित्य, तंत्र, कागद, छपाईची पद्धत यांत शैली सांगता येते: दोन रंगांची लिनोकट छपाई, कोरड्या ब्रशचे फटकारे, खरखरीत हातकागद. नाव लिहिणं सोपं असतं, पण त्यातून येतं ते दुसऱ्याचं काम, आणि ते तुमच्या नावाखाली उभं राहतं.

सहा चित्रांची मालिका एकसारखी दिसायला हवी असेल तर सीडवर विसंबू नका. एकच सीड, एकच मॉडेल आणि एकच प्रॉम्प्ट असेल तरच तेच चित्र परत येतं. विषय बदलला की तोच सीड वेगळाच नूर दाखवतो. त्याऐवजी उजेडाची दिशा, लेन्स, पृष्ठभाग आणि भिंत यांची वाक्यं सहाही प्रॉम्प्टमध्ये शब्दशः तीच ठेवा, एकच स्टाइल रेफरन्स द्या आणि शेवटी सगळ्या चित्रांवर एकच कलर ग्रेडिंग लेयर (रंगछटा सारखी करणारा थर) टाका. हा शेवटचा लेयर मालिकेला जेवढा बांधून ठेवतो तेवढं दुसरं काहीच ठेवत नाही.

स्वतःच्या शैलीचा लोरा (मोठ्या मॉडेलला जोडायची लहान पुरवणी) शिकवायचा असेल तर १५ ते ३० चित्रं लागतात, सगळी तुमची आणि हक्कही तुमच्याकडेच असलेली. क्लायंटला विकून टाकलेली चित्रं त्यात घालू नका. चित्रांच्या पार्श्वभूमी वेगवेगळ्या हव्यात, नाहीतर पांढरी पार्श्वभूमी हीच तुमची शैली आहे असा मॉडेलचा समज होतो आणि काहीही मागा, मागे पांढरंच येतं.

ब्रँडचा रंग प्रॉम्प्टमध्ये हेक्स कोड (रंगाचा संगणकी क्रमांक) लिहून बहुतेक मॉडेलांत नेमका मिळत नाही. जवळपासचा काहीतरी येतो, आणि दर चित्रात वेगळा. रंग फोटोशॉपमध्ये मास्क करून, म्हणजे हवा तेवढाच भाग वेगळा करून, लावा आणि उजेडातल्या भागात आयड्रॉपरने मोजा.

आता ती मघाची खोच. बोलून फेरफार करणारी साधनं दर सूचनेला बहुतेक वेळा संपूर्ण चित्र नव्याने काढतात, तुम्ही एका कोपऱ्याबद्दल बोललात तरीही. एक फेरी झाली की कळत नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर भिंतीचा पोत मऊ झालेला असतो, चेहरा किंचित दुसऱ्याचा वाटतो, रंगांवर झाक चढलेली असते. उपाय असा: प्रत्येक बदल मूळ चित्रावरच मागायचा, आधीच्या निकालावर नाही. मग हवा तेवढाच तुकडा मास्क करून मूळ लेयरवर आणायचा. जनरेटिव्ह फिललाही अशी मर्यादा आहे. एका वेळी तयार होणाऱ्या तुकड्याचे पिक्सेल ठरलेले असतात, निवड त्याहून मोठी केली की निकाल ताणून बसवला जातो आणि आजूबाजूच्या फोटोपेक्षा धूसर दिसतो. मोठी भिंत भरायची असेल तर तीन-चार लहान निवडींत भरा, प्रत्येक निवड आधीच्या भागावर थोडी चढवत.

छापताना आणि वेबवर टाकताना

१०२४ पिक्सेलचं चित्र ३०० पीपीआयवर जेमतेम ८.७ सेंटिमीटर छापलं जातं. पूर्ण ए४ पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. चौपट अपस्केल केलं की आकडा पुरतो, पण वाढवलेला तपशील अपस्केलरने कल्पनेने भरलेला असतो: दगडाचे खवले होतात, कापडाची वीण केसांसारखी दिसते. शंभर टक्क्यांवर झूम करून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरा. एआयच्या चित्रांत चमकदार निळे-जांभळे भरपूर असतात आणि ते सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, कक्षेबाहेरचे असतात. छापील पोर्टफोलिओ करणार असाल तर सॉफ्ट प्रूफ (छापील रंग पडद्यावर दाखवणारी सोय) लावूनच रंग ठरवा, नाहीतर कागदावर निळा मळकट उतरतो.

वेबवर मजकुराची रुंदी १२०० पिक्सेल असेल तर दाट पडद्यांसाठी २४०० पिक्सेलचं चित्र द्या, वेबपी फॉरमॅटमध्ये, दर्जा ८० च्या आसपास. पीडीएफ मेलने पाठवायची असेल तर १० एमबीच्या आत बसवा.

तपासणीसाठी चित्र आडवं उलटं करून बघा, ही चित्रकारांची जुनी सवय इथेही उपयोगी पडते. डोळा सरावलेला असतो, उलटवलं की वाकडी बाटली आणि भिंतीतून उगवलेलं टेबल लगेच दिसतं. मग प्रतिबिंबं बघा, कट्ट्याची कड बाटलीच्या डावीकडून आणि उजवीकडून एकाच रेषेत येते का ते बघा. वस्तूच्या मागे जाऊन बाहेर येणारी रेष हा या मॉडेलांचा नेहमीचा कच्चा दुवा आहे.

मजकुरासाठी

केस स्टडी (प्रकल्पामागची गोष्ट) एआयला लिहायला सांगू नका, त्याला प्रश्न विचारायला सांगा. सूचना अशी द्या: मी डिझायनर आहे, खाली माझ्या प्रकल्पाच्या टिपा आहेत, तू हे काम तपासणारा क्रिएटिव्ह डायरेक्टर आहेस, माझ्या निर्णयांबद्दल एका वेळी एकच प्रश्न विचार, उत्तर मोघम असेल तर पुन्हा विचार, स्वतःहून काहीही लिहू नकोस. दहा प्रश्नांनंतर तुमच्याच शब्दांतला कच्चा मजकूर तयार झालेला असतो. त्यातून १५० ते २५० शब्द काढा: अडचण काय होती, हात कशाने बांधलेले होते, काय ठरवलं, पुढे काय झालं.

उलट केलं, म्हणजे टिपा देऊन ‘केस स्टडी लिहून दे’ म्हटलं, की मजकूर गुळगुळीत येतो आणि त्यात तुम्ही न दिलेले आकडेही येऊ शकतात. विक्री तीस टक्क्यांनी वाढली, वापरणाऱ्यांचा वेळ निम्मा झाला, असं काहीतरी. मुलाखतीत ‘हे कसं मोजलं?’ एवढं कुणी विचारलं की सगळा डोलारा कोसळतो. प्रत्येक आकड्यापुढे स्वतःला तोच प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर आकडा काढून टाका.

काय सांगायचं आणि कुठे

शेवटच्या पानावर बारीक टाइपात ‘काही चित्रांत एआय वापरलं आहे’ असं लिहिण्याला अर्थ नाही. त्याच चित्राखाली, नेमकं लिहा. उदाहरणार्थ: लेबल, अक्षरं आणि रंगसंगती माझी. बाटली, पार्श्वभूमी आणि उजेड जनरेटिव्ह एआयने तयार केलेला. हा सरावाचा प्रकल्प आहे, उत्पादन बाजारात आलेलं नाही. यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. एआयच्या मॉकअपमुळे कल्पनेतलं काम छापून आलेल्या कामासारखं दिसतं, आणि बघणाऱ्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. साधन कुठलं वापरलं याची त्याला सहसा एवढी पर्वा नसते.

फायरफ्लाय आणि आणखी काही साधनं फाइलमध्ये कंटेंट क्रेडेन्शियल्स (चित्र कसं तयार झालं याची नोंद) ठेवतात. हे सी२पीए या मानकावर चालतं, २०२१ मध्ये अडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी मिळून त्याची सुरुवात केली. ते काढून टाकू नका, पण त्यावर भिस्तही ठेवू नका. स्क्रीनशॉट घेतला किंवा एखाद्या साइटने चित्र पुन्हा कॉम्प्रेस केलं की ती नोंद फाइलमधून निघून जाऊ शकते. डोळ्यांना दिसणारी ओळ लागतेच.

हक्कांचं चित्र देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकबाबत निर्णय देताना मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, मिडजर्नीतून काढलेल्या चित्रांना नाकारलं. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्यांनी आजच्या तंत्रात नुसता प्रॉम्प्ट लिहिणं लेखकत्वाला पुरेसं नाही, असं म्हटलं. डिझायनरसाठी याचा व्यवहारातला अर्थ असा की जे काम क्लायंटला हक्कांसकट द्यायचंय, त्यात माणसाने घडवलेला भाग स्पष्ट वेगळा दाखवता आला पाहिजे. लेयर जोडून टाकलेली एकच सपाट फाइल तिथे काही सिद्ध करत नाही.

गोपनीयतेच्या करारातलं काम कुठल्याही ऑनलाइन साधनात चढवू नका, ‘फक्त पार्श्वभूमी बदलायचीय’ म्हणूनसुद्धा. तुमचा डेटा प्रशिक्षणासाठी वापरायची सेटिंग बंद केली तरी फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलेलीच असते, आणि करार मोडायला तेवढं पुरतं. अशा वेळी कोरी बाटली, कोरा फोन, कोरं पान एवढंच तयार करून घ्या. क्लायंटची फाइल स्वतःच्या संगणकावर वरून बसवा.

आणि प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, तारीख, पूर्ण प्रॉम्प्ट, सीड, कंट्रोलनेटची ताकद, डिनॉइझिंगचा आकडा, आणि वापरलेली संदर्भचित्रं कुणाची होती ते. ऑनलाइन मॉडेलच्या आवृत्त्या बदलतात, जुन्या बंद होतात, मग तोच सीड टाकूनही ते चित्र परत येत नाही. म्हणून कच्ची निघालेली चित्रंही तिथेच ठेवा, निवडलेली आणि नाकारलेली दोन्ही. मुलाखतीत कुणी ‘यातलं तुमचं किती?’ असं विचारलं तर बोलण्यापेक्षा तो फोल्डर उघडा: रेखाटन, ब्लेंडरचा सिलिंडर, आठ कच्ची चित्रं, लेबलची इलस्ट्रेटर फाइल आणि शेवटी सगळे लेयर शाबूत असलेली फोटोशॉपची फाइल.